जुना स्कूबा रेग्युलेटर घरी उघडताना: आधी गेज, मग पाना

वडोदऱ्याहून समुद्रात उतरायचं तर मालवण-तारकर्ली असो, शिवराजपूर असो की गोवा, प्रवास लांबचाच. म्हणून इथल्या हौशी डायव्हरचा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली दाबाची हवा श्वासाजोगी करून तोंडाशी आणणारा संच, बहुतेक वर्षभर कपाटात असतो. पडून राहिल्यावर त्यात मीठ सुकतं आणि सेकंड स्टेजच्या (तोंडाजवळच्या भागाच्या) हवा अडवणाऱ्या रबरी सीटमध्ये ऑरिफिसची, म्हणजे हवेच्या छिद्राची, धार रुतून बसते. मग वारशाने किंवा स्वस्तात मिळालेला संच दिसायला धडधाकट असतो, पण हवा जोडताच फुसफुसतो.

उघडण्याआधी एकच चौकशी करा: या मॉडेलचं सर्व्हिस किट (बदलायच्या सीट, रिंग वगैरे भागांचा संच) मिळतं का? स्कूबाप्रो मार्क ५ किंवा यूएस डायव्हर्स कॉनशेल्फसारख्या जुन्या, दणकट बनावटीत जीव ओतण्यात अर्थ आहे. किट मिळत नसेल तर तो संच शोकेसमध्ये ठेवा. सीट हाताने घडवून पाण्यात उतरणं हा शुद्ध वेडेपणा आहे. मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअलही हाताशी हवं, कारण इथे दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत. मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर त्याचंच ऐका.

हत्यारं फार लागत नाहीत: ॲलन कीचा संच, पिन पाना, मऊ जबड्यांचा वाइस, १० पटींचं भिंग, ओ-रिंग (हवा गळू न देणारी रबरी कडी) काढायला पितळेची टोकदार काडी. या काडीच्या जागी स्टीलची सुई अजिबात नको, खाचेत एक ओरखडा पडला की गळती कायमची. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इन्फ्लेटरच्या (जॅकेटमध्ये हवा भरणाऱ्या) होजला लागणारा ० ते २० बारच्या आसपासचा मधल्या दाबाचा गेज. सिलिंडरवर बसणारी फर्स्ट स्टेज सिलिंडरचा २०० बारचा दाब साधारण ९ ते ९.५ बारवर आणते आणि सेकंड स्टेज तो श्वासापुरता उतरवते. बिघाड कुठे आहे ते हा मधला आकडा सांगतो.

म्हणून पाना लावण्याआधी संच आहे तसा सिलिंडरला जोडा. सेकंड स्टेज जोडलेलीच हवी. फर्स्ट स्टेजची सीट गळत असेल तर चढलेला दाब सेकंड स्टेजमधूनच सुटतो, नाहीतर होज फुटते. व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडा. सेकंड स्टेजवरचं हवा सोडणारं पर्ज बटण दाबून सोडल्यावर काटा एका आकड्यावर येऊन थांबायला हवा. पाच मिनिटांत तो ०.३ बारपेक्षा जास्त वर सरकला तर फर्स्ट स्टेजची हाय-प्रेशर सीट किंवा तिची धार गेली आहे. काटा स्थिर आहे आणि तरी माउथपीसमधून हवा येते, तर दोष सेकंड स्टेजचा.

आता हवा बंद करा, पर्ज दाबून दाब पूर्ण उतरवा आणि मगच उघडा. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. यॉकच्या (सिलिंडरच्या व्हॉल्व्हला पकडणाऱ्या कडीच्या) आतली जाळीदार पितळी गाळणी आधी पाहा. हिरवट असेल तर आत पाणी गेलं आहे, तांबूस असेल तर गंजलेल्या स्टीलच्या सिलिंडरमधून हवा आली आहे. ती धुऊन परत बसवू नका, किटमधली नवी घाला.

धातूचे भाग किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर आणि कोमट पाणी निम्मेनिम्म करून दहा मिनिटं ठेवा, मग मऊ टूथब्रशने घासा. क्रोम सुटायला लागलं असेल तर लवकर बाहेर काढा, आम्ल खालच्या पितळेपर्यंत जातं. रबर आणि ॲल्युमिनियम यात घालायचं नाही. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून घ्या आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्याने धुवा. बोअरच्या पाण्याने धुतलं तर क्षाराचा पांढरा थर परत बसतो आणि केलेली मेहनत वाया.

खरा वेळ द्यायचा तो धारेला. पिस्टनवाल्या फर्स्ट स्टेजमध्ये ती पिस्टनच्या टोकाला असते, डायाफ्रामवाल्यात (लवचीक पडदा असलेल्या) बॉडीतल्या ऑरिफिसवर. तिरप्या उजेडात भिंगाखाली ती गोल फिरवत पाहा. केसाएवढी खाच दिसली तरी नवी सीट टिकणार नाही, आणि ‘चालेल’ म्हणून बसवणाऱ्याला महिन्याभरात पुन्हा तेच करावं लागतं. बाहेरून चकचकीत केलेला आणि आत धार बोथट असलेला रेग्युलेटर हा या छंदातला सर्वात महाग पडणारा मोह.

ओ-रिंग सगळ्या नव्या. नेहमीची मापं अशी: सिलिंडरच्या यॉक व्हॉल्व्हच्या तोंडाला ०१४, हाय-प्रेशर होजला ०१२, लो-प्रेशर होजच्या फर्स्ट स्टेजकडच्या टोकाला ०११, सेकंड स्टेजकडच्या टोकाला ०१०. मकरपुरा जीआयडीसीच्या बाजूला हायड्रॉलिकचं सामान विकणाऱ्यांकडे नायट्राइलच्या रिंग नंबराने मागा. पिस्टनवर हलणाऱ्या रिंग मात्र किटमधल्याच घ्या. वंगण क्रिस्टो-ल्यूबसारखं ऑक्सिजनला चालणारं, तेही नुसती चमक येईल इतकंच. खोबरेल, शिवणयंत्राचं तेल, डब्ल्यूडी-४० यांना इथे मज्जाव: रबर फुगू शकतं आणि जास्त ऑक्सिजनच्या मिश्रणात तेल पेट घेतं.

जोडणी झाल्यावर होज ४.५ न्यूटन-मीटरच्या आसपासच आवळा. दाब देऊन मधला आकडा पाहा. डायाफ्रामवाल्यात ॲडजस्टिंग स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवला की तो वाढतो, पिस्टनवाल्यात बहुधा स्प्रिंगखालच्या पातळ चकत्या बदलाव्या लागतात. नवी सीट बसायला वेळ घेते, म्हणून पर्ज वीसेक वेळा दाबा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. बॅलन्स्ड बनावटीत सिलिंडर ५० बारवर आला तरी आकडा फारसा हलता कामा नये. साध्या पिस्टनमध्ये तो थोडा उतरतो, तो बिघाड नव्हे.

सेकंड स्टेजमध्ये ऑरिफिस फिरवताना पर्ज दाबून धरा, नाहीतर धार नवी सीट कापते. फुसफुस थांबेपर्यंत आत घ्या, मग एक अष्टमांश फेरा आणखी. व्हॉल्व्ह उघडणारी लिव्हर डायाफ्रामला जेमतेम टेकावी, जरा ढिली असेल तर हरकत नाही, पण दाबलेली नको.

संवेदनशीलता मोजायला महागडं यंत्र नको, बादली पुरते. सेकंड स्टेज माउथपीस वर आणि पर्ज खाली अशी धरून हळूहळू पाण्यात न्या. माउथपीसमध्ये पाणी जाऊ देऊ नका. डायाफ्रामवर अडीच ते साडेतीन सेंटीमीटर पाणी चढल्यावर हवा सुटली तर जमलं. दोनच्या आत सुटली तर पाण्यात उतरताच फ्री-फ्लो होईल, म्हणजे हवा आपोआप वाहत राहील, चारच्या पुढे गेली तर श्वास ओढावा लागेल. मग सिलिंडर बंद करा, दाब उतरवा, फर्स्ट स्टेजला टोपण लावून माउथपीसमधून ओढा. हवा आत आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या (उच्छ्वास बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या) पाकळीखाली केस किंवा वाळूचा कण अडकला आहे, किंवा डायाफ्राम नीट बसलेला नाही.

त्यानंतर पूर्ण दाबाखाली सगळा संच पाण्यात बुडवून दहा मिनिटं बुडबुडे पाहा. पहिली चाचणी उथळ तलावात, सोबत चांगल्या अवस्थेतला दुसरा रेग्युलेटर असलेला जोडीदार घेऊनच करा. आणि घरी दुरुस्त केलेला संच दुसऱ्याला उसना देऊ नका.