वेगवेगळ्या संस्कृतींतल्या मुलामुलींची हलकीफुलकी प्रेमकथा: कॉमिक मालिका कशी रचावी

अशी मालिका करायची ठरली की बहुतेक जण आधी पात्रांचे पोशाख काढायला बसतात. पोशाख नंतर. आधी दोन घरं उभी करा. सोळा-सतरा वर्षांची दोन मुलं एकमेकांना आवडू लागतात तेव्हा खरी गंमत दिसण्यातल्या फरकातून होत नाही. आपल्या घरी जे इतकं साधं आहे की कुणी बोलूनही दाखवत नाही, ते समोरच्याला ठाऊकच नसतं, तिथून ती सुरू होते.

न सांगितलेले नियम लिहून काढा

दोन कोरे कागद घ्या, एकेका पात्राला एक. दार लावून बसलेलं चालतं का? राग आला की आवाज चढतो की घर गप्प होतं? उशीर म्हणजे नक्की किती उशीर? मोठ्यांच्या डोळ्यांत बघून बोलणं प्रामाणिकपणाचं की उद्धटपणाचं? लिहिता लिहिता ‘त्यांच्यात असंच असतं’ असं वाक्य आलं तर थांबा. उत्तर एका समाजाचं नको, या एका घराचं हवं. धाकटी बहीण यातला कोणता नियम सर्रास मोडते, तेही लिहा. एका घरातली माणसंसुद्धा सारखी वागत नाहीत, आणि हे दिसलं की पात्राला जीव येतो.

मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. जिथे नियम एकमेकांवर आदळतात, तिथे तुमचे भाग दडलेले आहेत.

दोघंही बरोबर असतील असा प्रसंग शोधा

हे सगळ्यांत अवघड, म्हणून एक प्रसंग उलगडूनच बघू. तिच्या घरी कुणी काही देऊ केलं की आधी नको म्हणायचं. समोरचा पुन्हा विचारतो, मग घ्यायचं. त्याच्या घरी एकदा नको म्हटलं की विषय संपला, पुन्हा विचारणं म्हणजे पिच्छा पुरवणं. शाळा सुटलीय, पाऊस कोसळतोय. पहिल्या चौकटीत तो आपली छत्री तिला देऊ करतो. दुसरीत ती हसून म्हणते, “नको, राहू दे.” तिसरीत तो आदराने मान डोलावतो आणि छत्री घेऊन चालू लागतो. चौथी चौकट बिनशब्दांची: पायरीवर ती एकटी, छत्री घ्यायला हात अजून अर्धवट पुढे.

सभ्यपणा दोघांनीही केला, तरी भिजायची वेळ आलीच. या विनोदाला कुणाच्या माणसांवर हसावं लागत नाही. तुमचा प्रसंग असाच आहे का हे पाहायचं तर तो दुसऱ्या पात्राच्या बाजूने पुन्हा सांगून बघा. त्यात एक जण बावळट किंवा मागासलेला ठरत असेल तर प्रसंग टाकून द्या, कितीही हसवत असला तरी.

पुढे कधीतरी, तिच्या घरची रीत कळल्यावर, तो मुद्दाम दुसऱ्यांदा विचारतो, “खरंच नको?” प्रेमाची कबुली म्हणून एवढं पुरतं. पण मुलीच्या नकारात होकार असतो, असा धडा वाचणाऱ्या मुलांच्या हाती मुळीच जाता कामा नये. म्हणून हा खेळ छत्रीपुरताच ठेवा. स्पर्शाची गोष्ट आली की पहिला नकार शेवटचा, आणि तुमच्या नायकाला ते पक्कं माहीत असलं पाहिजे.

मालिकेचा कणा

शेवटचा भाग एका ओळीत आधीच लिहून ठेवा. दोघांना लांब ठेवणारं कारण निव्वळ गैरसमजाचं नको. एकदा नीट बोलले असते तर सगळं मिटलं असतं, असं वाटलं की वाचक चिडतात.

चौकटी, फुगे आणि मोकळी जागा

प्रत्येक पान आधी बोटभर आकारात कच्चं काढा, संवादांच्या फुग्यांसकट. डावीकडून उजवीकडे वाचायच्या पानात आधी बोलणाऱ्याचा फुगा वर आणि डावीकडे हवा. एका फुग्यात वीस-पंचवीस शब्दांपेक्षा जास्त मजकूर जड होतो. देवनागरीत वेलांट्या आणि रफार वरच्या ओळीला भिडतात, तेव्हा ओळींत अंतर मोकळं सोडा.

छापील अंकात धक्का पान उलटल्यावर द्या: उजव्या पानाची शेवटची चौकट उत्सुकता वाढवते, पुढच्या पानाची पहिली ती फोडते. मांगा म्हणजे जपानी कॉमिक उजवीकडून डावीकडे वाचतात, तिथे हे उलटं. मोबाइलवर वरून खाली सरकणाऱ्या कॉमिकमध्ये पान उलटणं नसतंच, तिथे चौकटींमधलं अंतर म्हणजे वेळ. पावसाच्या प्रसंगात तिसऱ्या आणि चौथ्या चौकटीमध्ये जवळजवळ पडदाभर रिकामी जागा सोडून बघा. तिचं वाट बघणं वाचकालाही जाणवेल. या प्रकारात ८०० पिक्सेल रुंदी रूढ आहे. दुप्पट आकारात काढून लहान करा. रंगीत छपाई करायची असेल तर छापायच्या मापात ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) ठेवा.

दोन भाषा दाखवायची जुनी पद्धत म्हणजे अनुवादित संवाद कोनी कंसात < > घालणं. फुग्याचा रंग बदलूनही चालतं, पण एकदा ठरवलं की तेच पाळा. आणि कधीतरी त्याच्या आजीचं बोलणं फुग्यात नुसत्या गिरगोट्यांनी दाखवा. ती भाषा न कळणारी नायिका त्या घरात कशी बसली असेल, ते एका क्षणात पोचतं. चिन्हं मात्र सगळीकडे सारखी वाचली जात नाहीत. मांगात नाकाशी बुडबुडा म्हणजे पात्र झोपलंय. हे माहीत नसलेला वाचक त्याला सर्दी झाली समजेल.

बाहेर काढण्याआधी

ज्या संस्कृतीचं पात्र काढलंय, तिच्यात वाढलेल्या किमान दोघांना कच्चा भाग वाचायला द्या. एकटा माणूस सगळ्यांच्या वतीने बोलू शकत नाही. ‘काही खटकलं का?’ विचारलं तर संकोचाने नाही म्हणतील. त्याऐवजी विचारा, ‘तुमच्या घरी या जागी काय झालं असतं?’ त्या उत्तरात बहुधा पुढचा भाग मिळतो. पाच-सहा भाग पूर्ण हातात असल्याशिवाय पहिला प्रसिद्ध करू नका, म्हणजे एखादा प्रसंग कच्चा भाग वाचणाऱ्यांनी परत पाठवला तरी तो घाईने न रेटता नव्याने काढायला वेळ राहतो.