स्मृतिभ्रंशाची गोळी: गुण किती, त्रास किती, घरी कसं तोलायचं

डोनेपेझिल या स्मृतिभ्रंशावरच्या औषधाची पहिली गोळी देण्याआधी एक वही घाला आणि आधीचा एक आठवडा तीत उतरवा. नाहीतर पुढे डॉक्टरांनी "फरक पडला का?" विचारलं की घरातली तीन माणसं तीन उत्तरं देतात. "फार विसरतात" असं मोघम लिहू नका. सदऱ्याची बटणं स्वतः लावतात का, "आज वार कोणता?" दिवसातून किती वेळा विचारतात, रात्री कितीदा उठतात, हे लिहा. शिवाय वजन, आणि पूर्ण एक मिनिट मोजलेली नाडी.

अपेक्षा बेताची ठेवा. गेलेली आठवण गोळीने परत येत नाही. अल्झायमरमध्ये काही महिने आहे ते टिकलं, तरी गुण आला म्हणायचं. काहींना तोही येत नाही.

सुरुवात सहसा रात्री 5 मिलिग्रॅमने होते. सोसलं तर 4 ते 6 आठवड्यांनी 10. मळमळ, जुलाब सुरुवातीला आणि डोस वाढवल्यावर जास्त होतात, बहुधा ओसरतात. भयंकर स्वप्नं पडत असतील तर गोळी सकाळी द्यावी का, ते विचारा. वजन मात्र गुपचूप उतरतं आणि घरचे वयावर ढकलतात. म्हणून महिन्यातून एकदा काटा हवाच. डोनेपेझिलने नाडी मंदावू शकते. ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल ही रक्तदाबाची, नाडी मंदावणारीच गोळी चालू असेल तर आधीच सांगा, ईसीजीबद्दल विचारा. नाडी 50 च्या खाली गेली तर पुढच्या गोळीआधी डॉक्टरांना फोन. भोवळ येऊन पडले तर थेट दवाखाना.

सगळ्यात जास्त फसगत लघवीच्या गोळीत होते. डोनेपेझिलने लघवीची घाई वाढू शकते. मग दुसरे डॉक्टर त्यासाठी ऑक्सिब्युटिनिन देतात, आणि ते डोनेपेझिलच्या नेमकं उलट काम करतं. गोंधळ वाढतो, आणि घरी वाटतं आजारच बळावला. सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिनही त्याच जातीचं. म्हणून प्रत्येक डॉक्टरपुढे सगळ्या स्ट्रिप्स पिशवीतून ओता.

पोटाला गोळी सोसतच नसेल तर रिव्हास्टिग्मिन या तशाच औषधाचा, कातडीवर चिकटवायचा पॅच असतो. जुना काढूनच नवा लावायचा. पाठीवरचा विसरला तर दुप्पट औषध जातं.

तीन ते सहा महिन्यांनी वहीतली पहिली आणि शेवटची पानं शेजारी ठेवून डॉक्टरांसमोर ठरवा. थांबवायचं ठरलं तरी एकदम नाही. 10 वरून 5, मग काही आठवडे नजर. त्यात बटणं लागेनाशी झाली तर लगेच कळवा, गोळी पुन्हा सुरू करता येते.