ईर्ष्येचा सामना गॅलरीतून कसा बघायचा

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलमध्ये पाटाकडील-दिलबहार किंवा शिवाजी-खंडोबा अशी पेठांच्या संघांची लढत लागली की गॅलरीत पेठाच समोरासमोर बसतात. भांडण कुठून पेटलं हे नंतर कुणालाच धड सांगता येत नाही. मैदानावर नजर असेल तर मात्र चाहूल पाच-दहा मिनिटं आधी लागते, कारण हुल्लडबाजी बहुतेक वेळा खेळातल्या ठरावीक प्रसंगांवरच सुरू होते.

सर्वांत जास्त बोंब ऑफसाइडवरून होते, म्हणजे पास निघताना चढाईचा खेळाडू बचावाच्या रेषेपुढे होता का यावरून. निर्णय पास निघाला त्या क्षणाचा असतो, चेंडू मिळाला त्या क्षणाचा नाही. वेगवान खेळाडू पास निघताना बचावपटूच्या रेषेत असतो आणि चेंडू मिळेपर्यंत चार पावलं पुढे गेलेला असतो. गॅलरीला ती चार पावलंच दिसतात. रेषेत असणं म्हणजे ऑफसाइड नव्हे, त्यात हात मोजले जात नाहीत, आणि थ्रो-इन, गोलकिक, कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूवर ऑफसाइड नसतंच. मध्यरेषेजवळ बसलेल्याला गोलजवळची रेषा तिरपी दिसते, गोलमागे बसलेल्याला खोलीच कळत नाही. त्या रेषेत उभा असतो फक्त साइडचा पंच. म्हणून ओरडण्याआधी पास कधी निघाला ते आठवा.

दुसरा प्रसंग पेनल्टीचा. बचावपटूने पेनल्टी क्षेत्रात फाउल करून गोलची स्पष्ट संधी हिरावली, पण तो खरंच चेंडूसाठी गेला होता, तर पेनल्टी आणि पिवळं कार्ड, लाल नाही. २०१६ पासून नियम असा आहे. शर्ट ओढला, धरून ठेवलं किंवा चेंडू खेळायची शक्यताच नव्हती, तर लालच. "लाल काढ की!" हा आरडाओरडा निम्म्या वेळा इथेच चुकतो. शेजारचा तापायच्या आत त्याला शांतपणे एवढंच सांगा, "पेनल्टी दिलीय की, बस आता." आधी सांगितलेलं ऐकलं जातं, दगड हातात आल्यावर नाही.

तिसरा प्रसंग लांबत जाणारा, म्हणून जास्त धोक्याचा. एका गोलची आघाडी, शेवटची पंधरा मिनिटं. प्रशिक्षक आघाडीपटू काढून बचावपटू उतरवतो, ४-४-२ चं ५-४-१ होतं, म्हणजे मागे चारऐवजी पाच आणि पुढे दोनऐवजी एकच, सगळा संघ आपल्या गोलपासून तीसेक मीटरमध्ये दाटतो. प्रतिहल्ला निघाला की मध्यरेषेवरच कुणीतरी शर्ट ओढून पिवळं कार्ड घेतो. ते हिशेब करून घेतलेलं असतं. मग गोलरक्षक खाली बसतो. बाकी खेळाडूंना उपचारानंतर सहसा मैदानाबाहेर जावं लागतं, गोलरक्षकाला नाही, म्हणून तोच बसतो. तो हळूहळू हातमोजे काढत असताना बाकीचे पाणी प्यायला बाजूला जातात आणि प्रशिक्षकाची दोन वाक्यं ऐकून येतात. चेंडू हातात धरून वेळ काढायला मात्र आता वाव कमी आहे. जुलै २०२५ पासूनच्या नियमाप्रमाणे आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्याला कॉर्नर मिळतो, आणि शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून मोजतो. हा बदल माहीत नसलेला शेजारी त्या कॉर्नरवर भडकणार हे गृहीत धरा.

नेमकं इथेच बाटल्या सुटतात. भरलेली अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे अर्धा किलो वजन, वरच्या पायरीवरून खाली येणारं. डोकं फुटतं ते वेगळंच, खेळाचा हिशेबही उलटा पडतो. पिछाडीवरच्या संघाने दाब वाढवलाय, लागोपाठ कॉर्नर मिळतायत, बचाव दमलाय, आणि त्याच संघाचे समर्थक खेळ थांबवतात! पंच वाया गेलेली मिनिटं भरून देईल, पण दमलेल्या बचावाला मिळालेला श्वास परत घेता येत नाही. गोष्ट हाताबाहेर गेली तर पंचाला सामना सोडून देण्याचाही अधिकार आहे. गॅलरीतून शिट्टी फुंकणंही असंच. तिच्यामुळे खेळात व्यत्यय आला असं पंचाला वाटलं तर तो खेळ थांबवून ड्रॉप-बॉल देतो, म्हणजे स्वतः चेंडू खाली सोडून खेळ पुन्हा सुरू करतो, आणि चढाई तुमची असली तरी मोडते.

आता जागा. हलगीच्या आणि घोषणांच्या मधोमध बसू नका. जिन्यापासून पाच-सहा जणांच्या आत, वरच्या बाजूला बसा. पोरं सोबत असतील तर ती जिन्याच्या बाजूला. आपण आलो तो दरवाजा सोडून दुसरा कुठला, हे बसायच्या आधी बघून ठेवा, कारण घाबरलेली गर्दी आल्या वाटेनेच पळते. कोलकात्यात ईडन गार्डन्सवर १६ ऑगस्ट १९८० ला ईस्ट बंगाल-मोहन बागान सामन्यात खेळाडूंच्या झटापटीचं लोण गॅलरीत गेलं आणि १६ जण जिवानिशी गेले. दोन्हीकडचे समर्थक एकाच स्टँडमध्ये मिसळून बसले होते. इंडोनेशियात कंजुरुहान स्टेडियमवर १ ऑक्टोबर २०२२ ला पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लोक अरुंद दरवाजांकडे धावले, १३५ जणांचा बळी गेला.

चौरस मीटरला चार माणसं म्हणजे दाटी, सहा-सात झाली की पाय आपल्या ताब्यात राहत नाहीत. खांदे चारही बाजूंनी लागायला लागले की तिथून निघा. अडकलात तर दोन्ही हात छातीपुढे मुठी करून धरा, म्हणजे श्वासाला जागा राहते. एक पाय पुढे, एक मागे. रेट्याला छातीने अडवू नका. तो ओसरला की तिरपं सरकत कडेला या. पडलेली चप्पल, मोबाइल उचलायला वाकू नका.

सामना संपल्याची शिट्टी झाल्यावर पंधरा मिनिटं जागा सोडू नका, टायब्रेकर झाला असेल तर जास्तच. गाडी दरवाजासमोर न लावता एक गल्ली सोडून, तोंड बाहेर करून लावा. गळ्यातला संघाचा पट्टा खिशात घाला. जिंकलेल्यांनी सायलेन्सरचे आवाज काढत हरलेल्या पेठेतून जाऊ नये, आणि डिवचणारं स्टेटस त्या रात्री तरी लावू नये. पुढच्या सामन्याची मारामारी बऱ्याचदा तिथेच ठरलेली असते.