निराधार माजी सैनिकाला आणि त्याच्या कुटुंबाला मदत मिळवून देताना

सैन्यातून परतलेल्या प्रत्येकाला पेन्शन असतेच, असा आपला समज असतो. पण जवानाला सेवा पेन्शनसाठी साधारणपणे १५ वर्षे नोकरी झालेली लागते, आणि त्याआधीच घरी आलेला माणूस म्हातारपणी अगदी निराधार होऊ शकतो. असा वृद्ध स्थानकावर किंवा देवळाच्या ओवरीत राहताना आढळला, तर आधी महापालिकेच्या बेघर निवारा केंद्रात त्याची सोय पाहावी किंवा ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या १४५६७ या क्रमांकावर फोन करावा.

मग त्याचा सैनिकी क्रमांक विचारावा. कागद हरवले तरी हा क्रमांक बहुधा त्याला तोंडपाठ असतो, आणि पुढचे सारे काम त्यावरच उभे राहते. डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून निवृत्त होताना मिळालेले सेवेच्या नोंदींचे पुस्तक, नसेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करावा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, तर बॉम्बे सॅपर्स या अभियंता दलाचे खडकीला आहे. या खेपांना त्याला एकटे पाठवू नये. स्वतःसाठी मागायला हा माणूस फार संकोचतो.

पेन्शन असून ती थांबली असेल, तर हयातीचा दाखला द्यायचा राहिला आहे का, हे प्रथम तपासावे. पेन्शनच नसेल, वय ६५ च्या पुढे आणि हुद्दा हवालदार किंवा त्याखालचा असेल, तर केंद्रीय सैनिक बोर्डाच्या निर्धनता अनुदानासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातूनच अर्ज करावा. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना दरमहा ८,००० रुपये मंजूर होतात, आणि अशा सैनिकाची विधवाही ते मागू शकते. मुलांनी घराबाहेर काढले असेल, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे निर्वाहभत्त्याचा अर्ज करता येतो.

कुटुंबाचे काम सर्वाधिक अडते ते पत्नीच्या नावावर. आपल्याकडे लग्नात नाव बदलण्याची रीत असल्यामुळे शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे आणि सैन्याच्या नोंदीत तिसरेच नाव निघते, आणि विधवेचे फॅमिली पेन्शन त्यासाठी महिनोन्‌महिने रखडते. म्हणून माजी सैनिक हयात असतानाच, त्याच्या सहीचा अर्ज देऊन रेकॉर्ड ऑफिसातील पत्नीचे नाव आणि जन्मतारीख दुरुस्त करून घ्यावी.