पतसंस्थेच्या कर्जातून क्रेडिट कार्डाची थकबाकी कशी फेडावी

कार्डावर १,२०,००० रुपये बाकी आहेत आणि महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज लागतंय, असं धरा. महिन्याचं व्याज ४,२०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ७५६, एकूण ४,९५६. बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून सहा हजार छापलेले असतात. ते अगदी वेळेवर भरले तरी मुद्दल जेमतेम १,०४४ रुपयांनी उतरतं. त्याच महिन्यात पेट्रोल आणि किराणा कार्डावर झाला की तेवढंही भरून निघतं. शिवाय मागची बाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. स्वाइप केलं त्या दिवसापासून मीटर सुरू.

आता दुसरा हिशेब. सोसायटीकडून, म्हणजे पतसंस्थेकडून, १,३०,००० रुपये, वर्षाला १५ टक्के, घटत्या शिलकेवर (म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज), ३६ महिने. हप्ता ४,५०७ रुपये. म्हणजे कार्डाला नुसतं व्याज आणि जीएसटी म्हणून जे जातं त्यापेक्षा कमी पैशांत इथं तीन वर्षांत मुद्दलासकट सगळं फिटतं. बाकी १,२०,००० असताना कर्ज दहा हजारांनी जास्त का, ते पुढे येईल.

आधी कार्ड थांबवा, मग अर्ज करा

बहुतेक जण हे उलट करतात. कर्ज मिळतं, कार्ड रिकामं होतं, आणि सहा महिन्यांत हप्ताही चालू आणि कार्डही पुन्हा भरलेलं. म्हणून सोसायटीची पायरी चढण्याआधी कार्डाच्या ॲपमध्ये जाऊन ऑनलाइन, टॅप करून होणारे आणि परदेशी व्यवहार बंद करा. कार्डाला काय काय बांधलंय ते गेल्या तीन महिन्यांच्या बिलांतून काढा: मोबाइल रिचार्ज, ओटीटी, विम्याचा हप्ता. रुपे कार्ड यूपीआयला जोडलं असेल तर तिथूनही काढा. फास्टॅगचा आपोआप होणारा रिचार्ज हमखास विसरला जातो. कोल्हापूरला जाताना कोगनोळी टोलनाक्यावर गाडी पुढे सरकते आणि इकडे कार्डावर पाचशे चढतात.

बिलावरचा आकडा खरा नसतो

बिल पाच तारखेला निघालं आणि तुम्ही वीस तारखेला पैसे भरले, तर मधल्या पंधरा दिवसांचं व्याज पुढच्या बिलात येतं. आपल्या उदाहरणात ते साधारण २,०७१ रुपये, जीएसटी ३७३, मिळून २,४४४. ही शेपटी माहीत नसली की माणूस बिल पूर्ण भरून निश्चिंत होतो, पुढचं बिल उघडत नाही, आणि त्या दोन-अडीच हजारांवर उशिराचा दंड बसतो.

ग्राहक सेवेला फोन करून ‘अमुक तारखेला कार्ड पूर्ण निल करायला किती लागतील’ असं विचारा आणि उत्तर ईमेलवर मागवा. कार्डावर मोबाइल किंवा फ्रिजचे हप्ते चालू असतील तर त्यांची उरलेली मुद्दल बिलाच्या एकूण रकमेत बहुधा दिसत नाही. ते हप्ते मुदतीआधी बंद करण्याचं शुल्क वेगळं, त्यावर जीएसटी वेगळा.

कोणती सोसायटी

बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात ‘सोसायटी’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. काही संस्था कर्नाटकाच्या १९५९ च्या सहकार कायद्याखालच्या, काही १९९७ च्या सौहार्द कायद्याखालच्या, आणि काही मल्टिस्टेट, म्हणजे केंद्राच्या २००२ च्या कायद्याखालच्या. हा फरक जामीनदार शोधताना आडवा येतो. जामीनदार संस्थेचा सभासद असावा लागतो आणि पहिल्या दोन्हींचं कार्यक्षेत्र कर्नाटकातच असतं, त्यामुळे महाराष्ट्रातल्या चंदगडचा मेहुणा किंवा गडहिंग्लजचा मामा जामीन राहायला तयार असला तरी त्याला सभासद करून घेता येत नाही. मल्टिस्टेटचं कार्यक्षेत्र दोन्ही राज्यांत असेल तर त्याला वाव असतो.

पगारदाराने पहिल्यांदा आपल्या खात्याची किंवा कारखान्याची नोकरदार सोसायटी पाहावी. हप्ता पगारातून कापला जातो, म्हणून दर कमी आणि कटकटही कमी. बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉप चालवणारा, वडगावात माग चालवणारा किंवा निपाणीत दुकान असणारा असेल, तर ज्या सोसायटीत तुमची पिग्मी (रोज थोडी थोडी भरायची बचत) चालते तिथे जा. वर्षभराची पिग्मीची नोंद हाच तुमचा उत्पन्नाचा दाखला असतो, आणि रोज दारात येणारा पिग्मी एजंट मॅनेजरसमोर तुमच्याबद्दल दोन शब्द बोलतो. त्याचं वजन कागदापेक्षा जास्त पडतं.

पतसंस्थेतल्या ठेवींना बँकेतल्या ठेवींसारखं पाच लाखांचं विमा संरक्षण नसतं. कर्ज घेणाऱ्याला त्याची झळ कमी, पण ‘कर्ज देतो, तेवढी पन्नास हजारांची ठेव ठेवा’ असा आग्रह झाला तर उठून यावं. लेखापरीक्षणात संस्थेला कोणता वर्ग मिळालाय ते वार्षिक अहवालात असतं. अ किंवा ब असावा.

‘बारा टक्के’ म्हणजे कोणते बारा?

हा प्रश्न टेबलावरच विचारा: “साहेब, व्याज घटत्या शिलकेवर की फ्लॅट?” फ्लॅट म्हणजे शेवटच्या हप्त्यापर्यंत मूळ रकमेवरच व्याज. १,३०,००० वर फ्लॅट १२ टक्क्यांनी तीन वर्षांचं व्याज ४६,८०० होतं, हप्ता ४,९११. घटत्या शिलकेच्या भाषेत हे सुमारे २१ टक्के झालं. ऐकायला बारा स्वस्त वाटतं, पण आपलं पंधरा टक्क्यांचं कर्ज तीन वर्षांत व्याजापोटी ३२,२५२ रुपयेच घेतं. तक्ता छापून मागा. पहिल्या आणि विसाव्या हप्त्यातलं व्याज सारखंच असेल तर ते फ्लॅट.

सोबत आणखी दोन गोष्टी विचारून घ्या: हप्ता चुकला तर दंडव्याज किती, आणि बोनस किंवा उसाचं बिल आल्यावर मुदतीआधी पैसे भरले तर काही कापतात का.

हातात किती येतात

मंजूर रक्कम आणि हातात पडणारी रक्कम एक नसते. सभासदत्वाच्या शेअरपोटी ५ टक्के आणि प्रोसेसिंग १ टक्का कापला असं धरा, तर १,३०,००० मधून ७,८०० जातात आणि १,२२,२०० उरतात. कार्डाला लागणार १,२२,४४४. उरलेले २४४ खिशातून. १,२०,००० चंच कर्ज काढलं असतं तर हातात १,१२,८०० आले असते आणि दहा हजारांची शेपटी कार्डावर तशीच राहिली असती, त्याच साडेतीन टक्क्यांनी. शेअरचे ६,५०० बुडत नाहीत, सभासदत्व सोडताना परत मागता येतात. पण तोवर ते अडकलेले.

जामीनदार आणि कागद

दोन जामीनदार लागतात. त्यांना ‘फक्त एक सही’ असं सांगून आणू नका. तुम्ही थकलात तर सोसायटी त्यांच्याकडूनही तितक्याच हक्काने वसूल करू शकते, आणि पगारदार जामीनदार असेल तर बहुतेकदा आधी त्याच्याच पगाराला हात लागतो. कार्डाचं कर्ज फक्त तुमच्या डोक्यावर होतं. इथं ते शेजाऱ्याच्या किंवा सहकाऱ्याच्या डोक्यावरही बसतं. या सगळ्या व्यवहाराची खरी किंमत तीच आहे, व्याज नव्हे. हप्त्याचा तक्ता त्यांनाही दाखवा.

कागदांत आधार, पॅन, फोटो, पगारदाराला तीन महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या, शेतकरी जामीनदाराचा आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा) आणि सहीचे चेक. करारनामा अनेक ठिकाणी कन्नडमध्ये छापलेला असतो. वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्याला सोबत न्या. रक्कम, दर, मुदत आणि दंडव्याज ही चार कलमं मोठ्याने वाचून घ्या, आणि रक्कम-तारखेच्या जागा कोऱ्या असताना सही करू नका. स्टँप कर्नाटकाचाच लागतो; कोल्हापूरहून आणलेला इथं चालत नाही. आधारवर एक आणि पॅनवर दुसरं स्पेलिंग असेल तर अर्ज तिथेच आठवडाभर पडून राहतो, तेव्हा ते आधी सरळ करून घ्या.

पैसे हातात घेऊ नका

रक्कम बचत खात्यात पडली की घरातली दुसरी गरज समोर उभी राहतेच. सोसायटीला लेखी विनंती करा की रक्कम थेट कार्डाच्या खात्यावर एनईएफटी करा. अनेक बँकांत कार्डाचा क्रमांक हाच खाते क्रमांक असतो, पण कार्डासाठीचा आयएफएससी वेगळा असतो. तो बँकेच्या संकेतस्थळावरूनच घ्या. आधी हजार रुपये पाठवा, कार्डावर जमा दिसले की बाकीचे. हे देय तारखेच्या तीन-चार दिवस आधी व्हायला हवं.

पुढची दोन बिलं उघडून शून्य पाहा, आणि मग कार्ड बंद करण्याचा अर्ज ईमेलने द्या. बाकी शून्य असेल तर रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बँकेने कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद करायचं असतं. उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. दोन-तीन कार्डं असतील तर सगळ्यात जुनं ठेवून त्याची मर्यादा वीस-पंचवीस हजारांवर आणावी.

हा मार्ग कधी नको

थकबाकी चार-पाच पगारांत फिटण्यासारखी असेल तर शेअर आणि फी भरण्यात अर्थ नाही. घरात दागिने असतील तर आधी सोनेतारणाचा दर पाहा. जामीनदाराचा प्रश्नच मिटतो. कार्डाच्या बँकेलाही विचारा, ती स्वतःच थकबाकीचे हप्ते पाडून देते आणि तो दर कधी कधी सोसायटीच्या बरोबरीचा निघतो. बँक ‘सेटलमेंट’ (थोडी रक्कम घेऊन उरलेली सोडून देणं) देऊ करत असेल तर मात्र लक्षात घ्या, सिबिलमध्ये ‘क्लोज्ड’ ऐवजी ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो आणि पुढे घरकर्जाला तो नडतो. आणि दोन-तीन टक्के कमिशनवर कार्ड स्वाइप करून रोख देणाऱ्या, ‘कार्ड फिरवून देतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराकडे जाऊ नका. बाकी तितकीच राहते, वर कमिशन जातं.

शेवटचा हप्ता भरल्यावर त्याच आठवड्यात सोसायटीत जाऊन निल दाखला घ्या. तुमचे चेक परत घ्याच, जामीनदारांचेही मागून त्यांच्या हातात द्या. उताऱ्यावर बोजा चढवला असेल तर तो उतरवण्याचं पत्र तेव्हाच घ्या, आणि सभासद राहायचं नसेल तर शेअरच्या ६,५०० चा अर्ज त्याच टेबलावर देऊन या.