‘सध्या किती भेटते?’ : पगाराच्या प्रश्नावर या चुका टाळा

हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी हिशेब लिहायचो. हातात साडेनऊ हजार, जाणं-येणं घरून, डबा आईच्या हातचा. बुटीबोरीच्या एका कंपनीत मुलाखतीला गेलो, तर साहेबांनी मी खुर्चीत टेकता टेकताच विचारलं, "सध्या किती भेटते?" मी सांगून मोकळा. त्यांनी आकडा लिहिला, खाली रेघ मारली आणि म्हणाले, "अकरा देऊ." दीड हजार वाढले म्हणून मी खूश. पहिल्याच महिन्यात रूमचं भाडं अडीच हजार आणि मेसचे दोन हजार गेले, तेव्हा कळलं की घरी होतो तेव्हाच जास्त उरत होतं. शेजारच्या टेबलावरचा पोरगा त्याच कामाला चौदावर लागला होता. म्हणाला, "म्या त आकडा सांगतलाच नाही. त्याहिलेच विचारलं, किती देता म्हून."

तर पहिली चूक ही. घरून ये-जा करून मिळणारा पगार गावच्या खर्चाच्या मापाचा असतो. तोच पाया धरून नव्या ठिकाणी वीस टक्के वाढवून दिले, तरी तोटा आपलाच. म्हणून प्रश्न आला की आधी विचारा, "सर, या पोस्टचं बजेट काय ठेवलंय?" पुन्हा विचारलं तर सांगा, "सध्या घरून ये-जा करतो, त्यामुळे तो पगार वेगळ्या हिशेबाचा आहे. इथे राहून हे काम करायचं तर माझी अपेक्षा एवढी आहे." अपेक्षेचा आकडा मात्र घरूनच ठरवून न्या. तिथे बसून छताकडे पाहू नका.

तिसऱ्यांदा विचारलं तर सांगून टाका. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्समध्ये २०१८ पासून उमेदवाराला जुना पगार विचारण्यावर कायद्याने बंधन आहे. आपल्याकडे तसा कायदा नाही, त्यामुळे "तुम्ही हे विचारूच शकत नाही" हा ताव एमआयडीसीतल्या ऑफिसात चालत नाही.

सांगायची वेळ आली की दुसरी चूक होते: हातात येतो तोच आकडा सांगायचा. कंपनी बहुतेक वेळा सीटीसीत बोलते, म्हणजे तुमच्यामागे तिला पडणारा एकूण खर्च. समजा एकूण पगार १७,००० आहे आणि त्यात बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) मिळून १२,०००. तुमचा पीएफ १२ टक्क्यांनी १,४४० कापला जातो, ईएसआयचे (कामगार विम्याचे) १२८, व्यवसाय कर २०० (महिलांना २५,००० पर्यंत तोही नाही). खात्यात येतात १५,२३२. पण मालकही पीएफचे १,४४० भरतो, ईएसआयचे साधारण ५५३, आणि ग्रॅच्युइटीपोटी ५७७ धरतो. कंपनीच्या कागदावर तुम्ही १९,५७० चे झालात. तुम्ही "पंधरा" म्हणालात आणि समोरच्याने ती सीटीसी समजून लिहिली, तर चार हजारांवर पाणी. म्हणून "हातात पंधरा, सीटीसी साडेएकोणीस" असं दोन्ही सांगा. शेठ दिवाळीला काही देत असेल, राहायला खोली असेल, गाडीचं पेट्रोल मिळत असेल, तर तेही मोजा. आपण ते धरतच नाही, जणू शेठने ते प्रेमाखातर दिलंय.

आता फुगवून सांगण्याबद्दल. आमच्याकडे पोट्टे सर्रास बाराचे अठरा करतात. पुढे एचआर तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि बँकेचं स्टेटमेंट मागतो, आणि पीएफच्या पासबुकात १,४४० दिसले की उलट हिशेब करून बेसिक १२,००० निघतंच. तिथे नाही सापडलात, तर साहेबाचा साला तुमच्याच शेठच्या गावचा निघतो. एका फोनचं काम. आकडा सांगायचा नसेल तर नका सांगू, पण सांगितला तर खराच सांगा.

जिनिंगवाल्यांची अडचण वेगळी. दिवाळीच्या सुमारास सुरू झालेलं काम उन्हाळ्यात थंडावतं, पगारही बऱ्याचदा रोख. सीझनमधला महिना बाराने गुणून वर्षाचा पगार सांगू नका, तो फुगवल्यासारखाच दिसतो. "सीझनमध्ये महिन्याला इतके, सहा महिने" असं सरळ सांगा. आणि नोकरी सोडायच्या आधीच शेठकडून लेटरहेडवर पगाराचं पत्र घ्या. सोडल्यावर शेठ फोन उचलत नाही.

विनाअनुदानित शाळांमध्ये काही जणांना सही वीस हजारांवर आणि हातात आठ, असा अनुभव येतो. तेव्हा कोणता आकडा सांगायचा? माझं मत: कोणताच सांगू नका, थेट अपेक्षा सांगा. वीस म्हणालात तर स्टेटमेंट खोटं पाडेल, आठ म्हणालात तर लोक नऊ देतील. अनुदानित शाळा आणि सरकारी नोकरीत वेतनश्रेणी ठरलेली असते, तिथे ही घासाघीस नाहीच.

ऑनलाइन फॉर्ममध्ये पगाराचा रकाना सक्तीचा असेल तर शून्य टाकू नका, खरी सीटीसी टाका. आणि तुमचा सध्याचा पगार त्या कामाच्या मानाने चांगला असेल, तर लपवता कशाला? पहिल्याच वाक्यात सांगा, म्हणजे ते त्याच्या खाली येणार नाहीत.

शेवटची चूक म्हणजे तिथल्या तिथे "चालेल सर". त्यांनी आकडा सांगितला की "घरी बोलून उद्या सकाळी कळवतो" म्हणा. परवा वणीकडच्या एका पोराचा फोन आला.

"भाऊ, चौदा म्हणतात. हो म्हणू का?"

"तिथं रूमचं भाडं किती आहे?"

"ते त विचारलंच नाही."

"मंग पहिले ते विचार."