शिंका थांबत नाहीत? गोळीच्या आधी घरातल्या या चुका टाळा

नागपुरात मार्च संपला की माळ्यावरचा कूलर खाली येते, ताट्या (बाजूच्या गवताच्या जाळ्या) मागच्याच सालच्या, टाकीत वाळलेला गाळ तसाच, पाणी भरलं की चालू. मग लेकरं सकाळी उठल्या उठल्या शिंकून राहिले, नाक चोंदलं, अन् आपण म्हणतो ऊन लागलं असेल. सगळ्यात मोठी चूक हीच, बहुतेक वेळा ही अ‍ॅलर्जी असते. जुन्या ताट्यांमध्ये बुरशी बसलेली असते अन् पंखा फिरला की ती थेट झोपणाऱ्याच्या नाकात. ताट्या दरसाल नव्या टाका, काळे डाग किंवा कुबट वास आला तर सीझनच्या मधातही बदला. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायची अन् कोरडी करायची, डेंग्यूच्या डासासाठी तसंही ते लागतेच.

आणि दारं-खिडक्या गच्च लावून कूलर नका चालवू बाप्पा! ओल घरातच कोंडते. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर राहिली की गादी-उशीतले डस्ट माइट वाढतात, हे बारीक किडे डोळ्याला दिसत नाहीत, आपल्या अंगाची झडलेली कातडी खाऊन जगतात. समोरची एक खिडकी उघडी ठेवा.

गादी उन्हात टाकतो ना आम्ही, असं बरेच जण म्हणतात. चांगलंच आहे, पण मेलेल्या माइटची घाण गादीतच राहते अन् खरी अ‍ॅलर्जी तिचीच असते, म्हणून गच्चीवरच काठीने झोडपा, ज्याला त्रास आहे त्याने तिथे थांबू नये. चादरी, उशीचे अभ्रे आठवड्याला ६० डिग्रीच्या गरम पाण्यात धुवा, थंड पाण्याने माइट मरत नाहीत.

पंखा चालू ठेवून कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. उदबत्ती अन् कॉइलचा धूर म्हणजे अ‍ॅलर्जी नाही, पण सुजलेल्या नाकाला तो आणखी चिडवते.

पावसाळ्यात लेआउटमधल्या रिकाम्या प्लॉटवर गाजरगवत माजते, त्याच्या फुलांच्या परागानेही शिंका सुटतात. पांढरी फुलं यायच्या आधीच मुळासकट उपटा, हातमोजे अन् पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, कारण याने कातडीला खाज अन् चट्टेही येतात. फुलावर आलेलं असेल तर ज्याला दम्याचा त्रास आहे त्याने हातच लावू नये.

एवढं करूनही छातीतून सूं-सूं आवाज येत असेल, रात्री खोकल्याने झोपमोड होत असेल तर मेडिकलवाल्याला विचारून रोज गोळी खात बसू नका, डॉक्टरकडे जा.